स्वतःला ओळखणारा पुढारी

(गोंदिया येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांचा काही भाग दिला आहे.)



मला जो विषय दिलाय तो पत्रिकेवर असा छापलाय: ‘आत्मभान आणि अस्सल नेतृत्व’. येताना रस्त्यावर मी फ्लेक्स मोजत होतो. रेल्वे स्टेशनपासून इथपर्यंत नेतृत्वाची काही कमतरता नाही. ‘कार्यसम्राट’ आहेत, ‘युवा हृदयसम्राट’ आहेत, ‘भावी’ तर इतके आहेत की वर्तमानात कोणी शिल्लक राहिलंय की नाही असा प्रश्न पडावा. सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांचे चेहरे गोरे केलेले. तिथेच दिवाळीनंतरच्या मंडईची, झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरंही असतात. त्यातही रंगवलेले चेहरे असतात. पण नाटकातला माणूस पहाटे रंग पुसतो आणि धानाच्या बांधीत जातो. त्याला ठाऊक असतं की रात्री आपण राजा होतो ते नाटकात. फ्लेक्सवरच्या माणसाला हे ठाऊक असतं का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

‘ऑथेंटिक लीडरशिप’ हा शब्द आता फार चालतो. बिल जॉर्ज नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी, ते एका मोठ्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीचे प्रमुख होते, 2003 साली याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून कंपन्यांमध्ये, बँकांमध्ये, आता शिक्षकांच्या प्रशिक्षणातही हा विषय आलाय. सांगणं थोडक्यात असं की दुसऱ्याची नक्कल करून पुढारी होता येत नाही, आधी स्वतःला ओळखा, मग लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील. यात खोटं काही नाही. माझी अडचण वेगळी आहे. ‘स्वतःला ओळखा’ हे सांगायला सोपं आहे. पण ओळखायचं कसं? डोळा सगळं पाहतो, स्वतःला पाहत नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला हेच विचारतात, की जो जाणतो त्यालाच जाणायचं ते कशाने? आणि गंमत बघा, हा प्रश्न ते कोणाला विचारतात? बायकोला. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता आपल्या मातीतून सुरुवात करू. 1954 साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, आपला वेगळा जिल्हा 1999 चा. आणि भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ द्विसदस्य, म्हणजे एक सर्वसाधारण जागा, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब हरले. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा घडवला, त्यांना आपण हरवलं. 1952 ला मुंबईने हरवलं होतं, दोन वर्षांनी आपण. आपल्याकडे या गोष्टीबद्दल लोक जरा दबक्या आवाजात बोलतात.

मी ती निवडणूक आज काढली ती आणखी एका कारणासाठी. हरण्याच्या अकरा वर्षं आधी, 18 जानेवारी 1943 ला, बाबासाहेबांनी पुण्यात गोखले सभागृहात एक भाषण केलं होतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची ती 101 वी जयंती. भाषण पुढे ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने पुस्तकरूपाने आलं. त्यात त्यांनी विचारलं, मोठा माणूस कोणाला म्हणावं? कार्लाईलचा आधार घेत त्यांनी पहिली कसोटी सांगितली ती प्रामाणिकपणाची, आतबाहेर एक असण्याची. पण तिथे ते थांबले नाहीत. प्रामाणिकपणा आणि बुद्धी एवढ्याने माणूस प्रतिष्ठित होईल, थोर होणार नाही, त्याला समाजाच्या हिताची तळमळ हवी आणि समाजाची घाण उपसायची तयारी हवी, असं त्यांचं म्हणणं. व्यक्तिपूजेला त्यांचा सक्त विरोध होता. आणि तरीही त्या कसोटीवर त्यांनी रानड्यांना थोर ठरवलं. गांधी आणि जिना या दोघांच्या अहंकारावर त्यांनी त्याच भाषणात कडक ताशेरे मारलेत.

कार्लाईलचा मुद्दा जरा नाजूक आहे. तो म्हणतो, खऱ्या प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा बोलून दाखवता येत नाही, त्याला त्याची जाणीवच नसते. म्हणजे ‘मी आतबाहेर एक आहे हो’ असं जो सांगतो, तो तिथेच नापास. आता पेच असा झाला की एकीकडे आपण म्हणतो आत्मभान हवं, दुसरीकडे म्हणतो की आपल्या चांगुलपणाचं भान असलं की तो चांगुलपणा नासतो. मग भान कशाचं ठेवायचं?

मला वाटतं, भान ठेवायचं ते आपल्या फटीचं. जिथे आपला शब्द आणि आपली कृती यांच्यात अंतर पडलं, त्या जागेचं. आणि ज्या रानड्यांना बाबासाहेबांनी थोर म्हटलं, त्यांच्याच आयुष्यात ही फट अगदी उघडी दिसते. म्हणून मी आज त्यांच्याबद्दल जरा जास्त वेळ बोलणार आहे. रानड्यांना लहान करायला नाही. लहान माणसाची फट पाहून शिकायला काही मिळत नाही.

प्रकरण पहिलं, 1873. रानडे एकतीस वर्षांचे. मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांबरोबर विधवाविवाहाच्या चळवळीत ते पुढे होते, 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर या विषयावर जो मोठा वाद झाला त्यातही सुधारकांच्या बाजूने होते. त्या वर्षी त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारली. आता सगळ्यांचे डोळे लागले: न्यायाधीश आहे, पगार आहे, स्वतः विधवाविवाहाचा पुरस्कर्ता आहे, हा विधवेशी लग्न करणार. वडिलांनाही हीच भीती होती. त्यांनी घाईघाईने मुलगी पाहिली, कुर्लेकरांची, अकरा वर्षांची. रानड्यांना ते मनापासून नको होतं. पण वडिलांचा शब्द मोडायची हिंमत झाली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात लग्न झालं. ती मुलगी म्हणजे रमाबाई.

लोकांनी काय म्हटलं असेल ते सांगायला नको. विरोधकांनी थट्टा केली. मित्र खचले. आणि ती थट्टा पुढे आयुष्यभर पाठीशी राहिली, कोणतंही सुधारणेचं व्यासपीठ असो, कोणीतरी हे काढणारच.

इथे दोन प्रकारचे लोक दोन प्रकारची घाई करतात. एक म्हणतात, ढोंगी! दुसरे म्हणतात, काळच तसा होता, आज्ञाधारक मुलगा होता, सोडून द्या. दोघांनाही विचार करायचा नसतो. मला तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. रानड्यांना कळत होतं. आपण जे करतोय ते आपल्या बोलण्याच्या उलट आहे हे त्यांना करतानाच कळत होतं. म्हणजे आत्मभान होतं, पुरेपूर होतं. आणि त्याने लग्न थांबलं नाही. आजकालच्या कार्यशाळांमध्ये असं धरून चालतात की भान आलं की वागणं आपोआप सुधारतं. चूक आहे. भान येऊनही माणूस चुकतो, वर त्याला ते रोज बोचत राहतं.

मग रानड्यांनी काय केलं? कबुलीचं भाषण केलं नाही. त्यांनी त्या मुलीच्या हातात पाटी दिली. लग्न झालं त्या दिवसापासूनच शिक्षण सुरू झालं, मुळाक्षरांपासून. पुढे मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांना ते अजिबात खपत नव्हतं. त्यांनी रमाबाईंना टोमणे मारले, छळलं. आणि इथे रानड्यांची दुसरी फट दिसते: ते शिकवत राहिले, पण घरात उघडपणे तिची बाजू घेऊन भांडले नाहीत. सोसायचं तिने. सुधारणा नवऱ्याची, मार बायकोला. आपल्याकडे आजही पुष्कळ घरांत सुधारणेची वाटणी अशीच असते.

प्रकरण दुसरं, पुण्याच्या पंचहौद मिशनचं. 1890 चा ऑक्टोबर. मिशनमध्ये एका समारंभाला पुण्यातली बडी मंडळी गेली, रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतला, कोणी नाही. गोपाळराव जोशींनी, म्हणजे आनंदीबाई जोशींचे यजमान, उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात देऊन टाकली. गाव पेटलं. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! बहिष्कार, शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी. एक कप चहासाठी. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी चहा घेतलाच नव्हता, पुढे आलेला कप बाजूला ठेवला होता. पण तसं जाहीर सांगून मित्रांपासून वेगळं व्हायचं त्यांना पटलं नाही. वाळीत पडलेल्या मित्रांच्या घरी लेकीबाळींचे हाल होऊ लागले, तेव्हा 1892 मध्ये मित्रांसोबत त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी कपाळावर हात मारला. रमाबाईंनाही हे रुचलं नव्हतं.

हे आपल्याला कुठून कळतं? रमाबाईंकडूनच. 1910 साली, रानडे जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं. मराठीतल्या स्त्रियांच्या आत्मचरित्रांत ते फार वरचं. त्यात नवऱ्याविषयी अपार भक्ती आहे, आजच्या वाचकाला थोडी जास्तच वाटेल इतकी. पण भक्तीच्या पोटातच सगळं आहे: ते लग्न कसं झालं, घरात काय सोसलं, प्रायश्चित्ताच्या वेळी मनाला काय वाटलं. आता तारखा जुळवा. 1873 ला ज्या मुलीच्या हातात रानड्यांनी पाटी दिली, तिने सदतीस वर्षांनी त्यांची फट लिहून ठेवली. ज्याच्यावर आपल्या चुकीचा भार पडला, त्यालाच आपल्याबद्दल लिहायची ताकद द्यायची, हे किती पुढाऱ्यांना जमेल? मला विचाराल तर रानड्यांची सगळी भाषणं एका पारड्यात आणि ही पाटी दुसऱ्या पारड्यात. अर्थात रानड्यांनी हे सगळं असं ठरवून केलं असं मी म्हणत नाही. ठरवून केलं असतं तर कार्लाईलने लगेच गुण कापले असते.

तर माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. स्वतःची ओळख एकट्याने, आरशासमोर किंवा डोळे मिटून पुरी होत नाही. आपल्या निर्णयाचं ओझं ज्याच्या डोक्यावर पडतं, त्याच्या तोंडून ती आपल्याला कळते. विरोधक सांगेल ते त्याच्या सोयीचं असतं. चमचा सांगेल ते आपल्या सोयीचं. ओझं वाहणारा सांगेल ते बहुतेक वेळा खरं असतं, आणि त्याला विचारायला आपण जात नाही.

मानसशास्त्रात यासाठी एक साधी खिडकी वापरतात, जोहारी खिडकी. आपल्याकडे गोंडी माणूस भेटला की ‘जोहार’ म्हणतो, म्हणून मला आधी वाटलं हे आपल्याकडचंच काही असेल! तसं नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या दोघांनी 1955 मध्ये ती मांडली, जो आणि हॅरी मिळून जोहारी. खिडकीला चार तावदानं. एक मला आणि तुम्हाला दोघांनाही दिसतं. एक फक्त मला दिसतं, मी लपवतो ते. एक कोणालाच दिसत नाही. आणि चौथं तुम्हाला दिसतं, मला दिसत नाही. सगळं दुखणं या चौथ्या तावदानात आहे. पुढारी जितका मोठा होतो तितकं हे तावदान मोठं होतं, कारण सांगणारी माणसं घटत जातात. पदाबरोबर गाडी मिळते, माणसं मिळतात, सत्कार मिळतात आणि खरं ऐकायची सोय जाते.

माझंच सांगतो. मी एका महाविद्यालयात बरीच वर्षं विभागप्रमुख होतो. माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती की मी फार लोकशाहीवादी माणूस. प्रत्येक बैठकीत सगळ्यांना मत विचारायचो. एक प्राध्यापिका, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, नोकरी सोडून दुसऱ्या गावी चालल्या होत्या. निरोपाचा चहा झाला, सगळे उठले, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, एक सांगू? तुम्ही आम्हाला विचारायचात ना, तेव्हा तुमचं उत्तर आधीच सांगून झालेलं असायचं. मग आम्ही तेच म्हणायचो.” मी हसलो. रागच आला होता, खरं तर. घरी येऊन जुनी इतिवृत्तं आठवू लागलो. कितीतरी ठराव ‘सर्वानुमते’. पंधरा वर्षं मी सर्वानुमते होतो! आणि हे मला कधी कळलं? जी बाई आता माझ्या हाताखाली राहणार नव्हती, तिने सांगितलं तेव्हा. तोवर तिने सोसलं. नको असलेला अभ्यासक्रम शिकवला, नको असलेलं वेळापत्रक पाळलं. कांट मी तीस वर्षं शिकवला, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका म्हणून. परीक्षेला हमखास विचारायचो.

गांधीजींचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे, तेही सांगतो, कारण तिथे कबुली उघड आहे. 1919 च्या एप्रिलमध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू होता, अहमदाबादला दंगल उसळली. गांधी नडियादला गेले आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की लोकांची तयारी होण्याआधीच आपण त्यांना कायदेभंगाची हाक दिली. आपली ही चूक हिमालयाएवढी आहे असं त्यांनी जाहीर सांगितलं आणि 18 एप्रिलला सत्याग्रह स्थगित केला. लोकांनी टिंगल केली. आत्मकथेत त्यांनी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. आणि त्याच आत्मकथेत डर्बनची 1898 ची गोष्ट आहे. घरात राहणाऱ्या एका कारकुनाचं लघवीचं भांडं कस्तुरबांनी उचलावं, आणि वर हसतमुखाने उचलावं, असा यांचा हट्ट. त्या रडत उचलत होत्या, हे ओरडले, त्या उलटून बोलल्या, तर हात धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या देशात मी कुठे जाऊ, लाज नाही वाटत का, असं त्या म्हणाल्या तेव्हा हे भानावर आले. तत्त्व चांगलंच होतं, कोणाचं काम हलकं नाही हे. पण तत्त्वाचं भांडं कोणाच्या हातात दिलं? पुन्हा बायकोच्याच. याज्ञवल्क्यांपासून चाललंय हे.

आता म्हणाल, कस्तुरबा बोलल्या, रमाबाईंनी लिहिलं, हा योगायोग झाला. प्रत्येक पुढाऱ्याला असं माणूस मिळेल कसं? खरं आहे. म्हणून योगायोगावर न सोडता त्याची रीतच करावी लागते. आणि तशी रीत पाहायला अमेरिकेला जायला नको. अर्जुनी मोरगाववरून वडसा, वडशावरून गडचिरोली, तिथून धानोऱ्याच्या रस्त्याला लागा. मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहानसं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारी देशातली अगदी पहिली जी गावं, त्यांत हे एक. 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा हे तिथलं नाव तुम्ही ऐकलं असेल, आणि त्यांच्याबरोबर मोहन हिराबाई हिरालाल.

या गावाची बांबूची गोष्ट सगळे सांगतात. मला तिथली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचंही अडलं तर निर्णय थांबतो, पुन्हा बसतात. शिवाय ग्रामसभेपासून वेगळा अभ्यासगट असतो. तिथे कोणीही यावं, बाहेरच्यानेही यावं, प्रश्न उलटापालटा करावा, वाद घालावा, पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा. म्हणजे बोलायची जागा आणि ठरवायची जागा वेगवेगळी. यातली शहाणीव लक्षात घ्या. जिथे लगेच ठरवायचं असतं तिथे माणूस जिंकायला बोलतो. जिथे ठरवायचं नसतं तिथे त्याला ऐकणं परवडतं. आणि ज्याच्यावर ओझं पडणार आहे तो ओझं पडायच्या आधीच बोलतो, सदतीस वर्षांनी पुस्तकात नाही.

याला वेळ लागतो. फार लागतो. महिनेच्या महिने एकेक विषय रेंगाळतो. नगरपरिषदेला हे जमणार नाही, जिल्हा परिषदेलाही नाही, मी भोळा नाही. लहान गावाचं गणित मोठ्या शहराला लावता येत नाही. पण बचत गटाला जमेल. शाळेच्या व्यवस्थापन समितीला जमेल. घराला तर नक्कीच.

आपल्या मालगुजारी तलावांचं बघा ना. नवेगाव बांधपासून गावोगावच्या बोड्यांपर्यंत कोहळी लोकांनी बांधलेले तलाव दोन-अडीचशे वर्षं टिकले. पार किती उंच आहे हे सगळे पाहतात. जाणता माणूस आधी सांडवा पाहतो. जास्तीचं पाणी जायला वाट नसेल तर पार जितकी उंच तितकं फुटणं मोठं. पुढाऱ्याचंही असंच. त्याच्याविरुद्धचं बोलणं त्याच्यापर्यंत यायला वाट आहे का? ती त्याने स्वतः ठेवली आहे का? नसेल तर त्याच्या भोवतीची शांतता बघून फसू नये.

बास, मी बोललो पुष्कळ. प्रश्न घेऊ.

*प्रश्न (एक तरुण):* सर, मग ध्यान, आत्मपरीक्षण, डायरी लिहिणं हे सगळं निरुपयोगी का?

नाही, नाही. असं मी म्हटलेलं नाही. ध्यानाने चित्त शांत होतं, ऐकायची ताकद वाढते. पण शांत चित्ताने माणूस अन्यायही करू शकतो, हे विसरू नका. आणि डायरीचा वकील आपणच असतो. मी स्वतः चाळीस वर्षं डायरी लिहितोय. मघाशी सांगितलेली ती पंधरा वर्षं तिच्यात आहेत. मी दर पानावर बरोबर आहे.

*प्रश्न (एक महिला सरपंच):* सर, तुम्ही बोलता ते चांगलं हाये. पण मी चुकली असं ग्रामसभेत सांगतलं, त विरोधातले लोक व्हिडिओ काढतीन आन गावभर व्हॉट्सअपवर फिरवतीन. आधीच मनतात का बाईले काही समजत नाही, मालकच सगळं पाहते. मंग मी काय करू?

ताई, हा आजचा सगळ्यात खरा प्रश्न. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. किंमत पडते. गांधींना पडली, लोक हसले. रानड्यांना तर गप्प राहूनही पडली. आणि बाईला ती दुप्पट पडते हे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पुरुष ‘चुकलो’ म्हणाला तर मोठ्या मनाचा, बाई म्हणाली तर ‘बघा, सांगितलं होतं’. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा 2011 पासून बायकांना आहेत, पण खुर्ची मिळाली म्हणून हे बोलणं थांबलेलं नाही. म्हणून तुम्हाला मी ‘ग्रामसभेत उभ्या राहून कबुली द्या’ असं सांगत नाही. तुमची चूक काय झाली होती, सांगायची असेल तर?

*(सरपंच:)* नळाच्या लाइनचं. आमच्या वार्डातून आधी नेली. टोलीवरच्या बायका दोन उन्हाळे डोक्यावर पाणी आनतात.

हं. मग माइक बाजूला ठेवा आणि टोलीवर जा. त्या बायकांकडे. मालकांना न घेता. आणि काही न बोलता आधी त्यांचं ऐका. त्या शिव्या देतील, देऊ द्या. मग पुढची लाइन कोणत्या महिन्यात, कोणत्या पैशातून, ते त्यांच्यासमोर ठरवा. व्हिडिओ निघाला तर निघाला. त्यात टोलीवरच्या बायका तुमच्याबरोबर उभ्या असतील तर व्हिडिओवाल्याचीच पंचाईत होईल. नसतील उभ्या, तर त्याने काढलेला व्हिडिओ खरा आहे असं समजा.

*(सरपंच:)* सर, एक विचारू? तुमाले घरी कोन सांगते मंग?

(हशा) घ्या! ती तिथे बसली आहे, दुसऱ्या रांगेत, हिरव्या साडीत. निघताना म्हणाली होती, पाऊण तास म्हणून सांगता आणि दीड तास बोलता, लोकांना शेवटची गाडी असते. किती वाजले हो?

*(सभागृहातून: साडेसात.)*

आमगाव-सालेकसाकडच्या मंडळींनी आधी निघावं. बाकीच्यांचे प्रश्न मी दारापाशी उभा राहून घेतो.